आयरिश फिडल शिकायचंय? आधी उजवा हात बघा

व्हायोलिन हातात घेतलेल्या नवशिक्याची नजर डाव्या हातावर खिळलेली असते. बोट कुठे पडलं, सूर लागला की घसरला, एवढीच त्याला चिंता. आयर्लंडच्या पारंपरिक संगीतात मात्र खरं काम उजवा हात करतो. गज कुठे वळतो, कुठले दोन सूर एका ओढीत बांधतो, कुठे किंचित दाबतो, यावर धून नाचायला लावते की नुसती पुढे सरकते हे ठरतं. हे संगीत मुळात नाचाचं. घरच्या स्वयंपाकघरात किंवा रस्त्याच्या चौकात लोक नाचायचे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला फिडलवाला बहुतेक वेळा एकटाच असायचा. ढोल नाही, माइक नाही. धून आणि ठेका दोन्ही त्याच्या गजातूनच निघायचे. शिकताना हे डोक्यात राहिलं तर बऱ्याच चुकीच्या सवयी लागतच नाहीत.

वाद्य आणि ते लावणं

फिडल म्हणून वेगळं काही विकत घ्यायचं नाही. आपलं नेहमीचं व्हायोलिनच लागतं. मोठ्या माणसाला पूर्ण आकाराचं, म्हणजे चार-चतुर्थांश मापाचं घ्यावं. खरेदी करताना पॉलिश किती चमकतं ते सोडून तीन गोष्टी बघा: खुंट्या फिरतात आणि फिरवल्यावर तिथेच थांबतात का, तारा बोटं ठेवायच्या पट्टीपासून फार उंच तर नाहीत ना, आणि घोडी (तारांना उचलून धरणारा लाकडी तुकडा) सरळ उभी आहे का. अगदी स्वस्तातल्या वाद्यात या तिन्हींत गडबड असते, आणि मग आपलंच बोट चुकतंय असं वाटून माणूस सोडून देतो. दुकानदाराशिवाय दुसऱ्या कुणा वाजवणाऱ्याला सोबत नेता आलं तर उत्तम.

महाराष्ट्रात घेतलेल्या किंवा घरात आधीपासून असलेल्या व्हायोलिनची एक खास अडचण असते. ते हिंदुस्थानी पद्धतीने सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा असं लावलेलं असू शकतं. आयरिश धुना त्यावर बसत नाहीत. चार तारा जाडीकडून बारीकीकडे जी, डी, ए, ई अशा लावायच्या. पेटीवर बघायचं तर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. ट्यूनरवर आकडे दिसत असतील तर साधारण 196, 294, 440 आणि 659 हर्ट्झ. इथे पट्टी आपल्या गळ्याप्रमाणे बदलायची सोय नाही, कारण शेजारी बसलेल्या बासरीवाल्याची आणि टिन व्हिसलवाल्याची (पत्र्याची छोटी शिट्टी-बासरी) पट्टी ठरलेली असते. जुन्या तारा दुसऱ्या लावणीसाठी घेतलेल्या असतील तर ओढून ताणण्याऐवजी नवा संच घाला.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत लाकूड फुगून खुंट्या घट्ट बसतात, तर विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याच खुंट्या सुटून तारा सैल पडतात. म्हणून चारही तारांना खालच्या बाजूला फाइन ट्यूनर (सूर किंचित चढवा-उतरवायचे छोटे स्क्रू) बसवून घ्यावेत. व्हायोलिन ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करा आणि तारांवरची राळेची पूड कोरड्या फडक्याने पुसा. राळ रोज फासायची गरज नाही. गज घसरायला लागला की चार-पाच हात मारले तरी पुरतात.

बसणं, धरणं आणि पहिले काही महिने

हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून बसतात आणि वाद्याचं डोकं पायावर टेकवतात, त्यामुळे डावा हात मींड घ्यायला मोकळा राहतो. आयरिश धुनांना त्या स्वातंत्र्याचा उपयोग नाही. डावा हात जवळजवळ सगळा वेळ पहिल्याच जागी, म्हणजे पट्टीच्या खुंट्यांकडच्या टोकाशी असतो. उलट उजव्या कोपराला आणि मनगटाला भरपूर मोकळीक लागते, कारण गज सतत या तारेवरून त्या तारेवर उडी मारतो. म्हणून खुर्चीत ताठ बसा आणि वाद्य खांद्यावर घ्या. जुन्या चित्रफितींत काही वादक ते छातीशी टेकवून, मनगट खाली पाडून वाजवताना दिसतात आणि अप्रतिम वाजवतात. त्यांची धून उचला, बैठक उचलू नका.

आपल्याकडे आयरिश फिडलचा शिक्षक सहज सापडणार नाही. माझं मत असं की पहिले काही महिने पाश्चात्त्य व्हायोलिनच्या कुठल्याही चांगल्या शिक्षकाकडे जावं. मुंबई-पुण्यात ते आहेत, आणि गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकवत आले आहेत. त्यांना स्पष्ट सांगा: गज धरणं, सरळ ओढणं आणि पहिल्या जागेवरचे सूर एवढंच हवंय. सूर थरथरवण्याची, म्हणजे व्हायब्राटोची, घाई नाही. नाचाच्या धुनांत तो जवळजवळ वापरत नाहीत. गज सरळ जायला लागला की मग ऑनलाइन शिकवणारा एखादा आयरिश वादक गाठा.

दोन साचे, सगळे सूर

नवशिक्याला धीर देणारी गोष्ट म्हणजे या संगीताचा बहुतांश भाग बोटांच्या दोनच साच्यांत मावतो.

पहिला साचा डी सुराला सा मानून. डी तारेवर सा रे ग म, ए तारेवर प ध नि सां, ई तारेवर रें गं मं पं. सगळे शुद्ध. डी आणि ए या दोन्ही तारांवर दुसरं आणि तिसरं बोट चिकटून पडतं, ई तारेवर पहिलं आणि दुसरं.

दुसरा साचा जी सुराला सा मानून. आता जी तारेवर सा रे ग म आणि डी तारेवर प ध नि सा. फरक एवढाच की ए तारेवरचं दुसरं बोट मागे सरकून पहिल्याला चिकटतं.

पाश्चात्त्य पुस्तकांत यापुढे मोडची लांबलचक नावं येतात आणि लोक घाबरतात. ज्याला थाट माहीत आहेत त्याने घाबरायचं कारण नाही. आयरिश धुनांत ढोबळमानाने चारच सप्तकं भेटतात: बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी. पहिल्या साच्यातले तेच सूर ठेवून ई ला सा मानलं की काफी, ए ला सा मानलं की खमाज. दुसऱ्या साच्यात ए ला सा मानलं की काफी, डी ला मानलं की खमाज आणि ई ला मानलं की आसावरी. बोटं तीच राहतात, फक्त विसाव्याचा सूर बदलतो. राग मात्र शोधू नका. इथे वादी-संवादी नाही, चलनाचे नियम नाहीत आणि एकाच धुनेत कधीकधी गंधार किंवा निषाद दोन्ही रूपांत येऊन जातो.

कानाने धून उचलणं

शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील हे मूळचे कॉर्क परगण्यातले. 1903 साली त्यांनी 1850 धुनांचा संग्रह छापला. आजही तो वापरात आहे. गंमत म्हणजे ओनीलना हजारो धुना कानावर होत्या, पण त्या कागदावर उतरवायचं काम जेम्स ओनील नावाच्या त्यांच्याच खात्यातल्या सहकाऱ्याने केलं. कागदाला इथे आठवणीपुरतीच किंमत आहे. स्वरलिपीत धुनेचा सांगाडा असतो. झोका, श्वास आणि गजाचा दाब नसतो. शिवाय ज्याने कागदावरून पाठ केलं त्याला मैफलीत वेगळं रूप ऐकू आलं की तो अडतो.

पद्धत अशी ठेवा. एकच धून निवडा आणि काही दिवस नुसती ऐका, भांडी घासताना, लोकलमध्ये, कुठेही. मग वाद्य न घेता ती गुणगुणा. आयर्लंडमध्येही निरर्थक अक्षरांवर धून गाण्याची जुनी प्रथा आहे आणि तिच्या स्पर्धाही होतात. धून तोंडात बसली की सरगम शोधा, आणि त्यानंतरच गज उचला. दोन-दोन मापांचे (माप म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) तुकडे करा. यूट्यूबवर वेग अर्ध्यावर किंवा पाऊणपटीवर आणता येतो, तो जरूर आणा.

धुनांची रचना बहुतेक वेळा ठरलेली असते. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, मग आठ मापांचा दुसरा भाग दोनदा, अशी 32 मापं झाली की एक फेरी. म्हणजे खरं शिकायचं सोळाच मापांचं, आणि त्यातही निम्मे तुकडे परत येतात. ‘केश’ नावाची जिग (नाचाच्या धुनेचा एक प्रकार) जवळपास प्रत्येक नवशिका शिकतो. तिचा पहिला भाग जी ला सा मानून असा आहे (नि़ खालच्या सप्तकातला):

सा नि़ सा, सा रे ग | रे ग रे, रे ग प | ध प प, सां प प | ध प ग, प ग रे
सा नि़ सा, सा रे ग | रे ग रे, रे ग प | ध प प, सां प ग | रे सा नि़, सा – –

इथला सा डी तारेवर तिसऱ्या बोटाने, नि़ त्याच तारेवर दुसऱ्या बोटाने. रे म्हणजे मोकळी ए तार, ग तिच्यावरचं पहिलं बोट, प तिसरं. ध म्हणजे मोकळी ई तार आणि सां तिच्यावरचं दुसरं बोट. दोन ओळींत फरक फक्त शेवटच्या दीड मापाचा आहे. दुसरा भाग मी मुद्दाम देत नाही. तो ऐकून काढा.

ठेके

जिगमध्ये एका मापात सहा सूर, तीन-तीनच्या दोन गटांत. दादऱ्याची सवय असलेल्याला मोजायला त्रास होणार नाही, पण सहाही सूर सारख्या लांबीचे वाजवले की जिग मरते. तीनातला पहिला सूर थोडा लांब, दुसरा आखूड आणि तिसरा पुढच्या गटाकडे झुकलेला असतो. स्लिप जिगमध्ये असे तीन गट, म्हणजे नऊ सूर. रीलमध्ये आठ सूर चार-चारच्या गटांत धावतात. मैफलीत सगळ्यांत जास्त वाजतात त्या रीलच. हॉर्नपाइपची मांडणी तशीच, पण चाल संथ आणि लांब-आखूड असा ठळक झोका. पोल्का दोन मात्रांची, कमी सुरांची.

पुस्तकं बहुधा जिग किंवा रीलपासून सुरू करतात. माझ्या मते सुरुवात पोल्कापासून करावी. सूर कमी असल्याने डावा हात फार अडत नाही आणि सगळं लक्ष गजाकडे देता येतं. दोन-तीन पोल्का, मग केशसारख्या दोन जिग, मग ‘हार्वेस्ट होम’सारखी एखादी हॉर्नपाइप आणि त्यानंतर पहिली रील. वर्षभरात दहा-बारा धुना नीट बसल्या तर भरपूर झालं.

गज

आता मुद्द्याचं. सुरुवातीला प्रत्येक सुराला वेगळा गज: एक खाली, एक वर. गजाच्या मधल्या भागातच, तळहाताएवढ्या लांबीत वाजवा. पूर्ण गज ओढला की वेग कधीच येत नाही.

जिगमध्ये असं वाजवलं की पहिला गट खाली-वर-खाली होतो आणि दुसरा वर-खाली-वर. म्हणजे दुसऱ्या गटाचा जोर वरच्या गजावर येतो, आणि नवशिक्याचा वरचा गज नेहमीच दुबळा असतो. म्हणून मोकळ्या ए तारेवर, एकाच सुरावर, नुसता जिगचा ठेका वाजवून बघा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला कुठला गज खालचा आणि कुठला वरचा हे कळलं नाही पाहिजे. कंटाळवाणा रियाज आहे, पण याच्याइतका उपयोगी दुसरा नाही.

मग सूर जोडायला लागा. इथे शाळेत शिकवलेलं पाश्चात्त्य व्हायोलिन आणि आयरिश फिडल वेगळे होतात. शाळेत बहुधा गटातले सूर गटाच्या आतच जोडतात, म्हणजे ठेक्यावर नवा गज. आयरिश वादक बऱ्याचदा उलट करतात: ठेक्याच्या आधीचा सूर ठेक्यावरच्या सुराशी एकाच गजात बांधतात. गज न बदलता, आतल्या आत हलका दाब देऊन ठेका उमटवायचा. त्यामुळे जोर कळतो पण ठोसा बसत नाही, आणि धून एका मापातून दुसऱ्यात वाहत जाते. केशमध्ये पहिल्या मापाचा शेवटचा ग पुढच्या मापाच्या पहिल्या रे ला जोडून बघा. आधी विचित्र वाटेल. मग तीच जोडणी वेगवेगळ्या जागी करून बघा, कारण चांगले वादक प्रत्येक फेरीत ती बदलतात. एका धुनेची गजाची कायमची योजना लिहून पाठ करणं हा फसवा मार्ग आहे.

रीलमध्ये कित्येक वादक जोर पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर न देता दुसऱ्या-चौथीवर देतात. मेट्रोनोम (ठेक्याचे टोले देणारं यंत्र) लावलात तर त्याचा टोला दुसऱ्या-चौथीवर पडतोय असं मानून वाजवायचा प्रयत्न करा. सुरुवातीला दर दोनेक मापांनी हरवाल.

अलंकार, पण उशिरा

नवशिके इथेच घाई करतात. धून अलंकाराशिवाय ऐकायला गोड लागत नसेल तर अलंकाराने ती सुधारत नाही.

पहिला अलंकार म्हणजे कट. सूर सुरू होताना वरचं एखादं बोट तारेला क्षणभर झटका देऊन उचलायचं. त्या वरच्या सुराची उंची ऐकणाऱ्याला कळता कामा नये. नुसता एक टिचका ऐकू यावा. आपल्या कणाची सवय असलेल्यांचा हात इथे जड पडतो, कारण कणात वरचा सूर ओळखू येणं हाच त्याचा हेतू असतो.

रोल कटवरूनच तयार होतो. तीन सुरांएवढ्या जागेत: मूळ सूर, वरचा झटका, मूळ सूर, खालचा झटका, मूळ सूर, आणि सगळं एकाच गजात. डी तारेवर पहिलं बोट ठेवा, तिसऱ्या बोटाने टिचकी मारा, मग पहिलं बोटच क्षणभर उचलून परत टाका. संथ वाजवताना पाचही भाग सारखे वाटू देऊ नका; पहिला मूळ सूर लांब आणि बाकीचं शेवटाकडे गोळा होतं.

तिसरा अलंकार उजव्या हाताचा. एकाच सुरावर गजाचे तीन अगदी बारीक, झटपट फटकारे. यात ताकद लावली की हात आखडतो. गजाची लांबी कमी करत न्या, जवळजवळ अपघाताने झाल्यासारखा तो फटकारा यायला हवा. डोनेगलचे वादक यात वाकबगार.

कुणाला ऐकायचं

आयर्लंड महाराष्ट्राच्या तुलनेत लहान देश आहे, पण फिडलची घराणी परगण्यागणिक बदलतात. पश्चिमेकडच्या स्लायगोचे मायकल कोलमन (1891–1945) 1914 साली अमेरिकेला गेले आणि 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या तबकड्या निघाल्या. त्या बोटीने मायदेशी परतल्या आणि स्लायगोची झुळझुळीत, रोलने भरलेली शैली देशभर पसरली. इतकी की कित्येक ठिकाणच्या वादकांना आपलं गावचं वाजवणं जुनाट वाटू लागलं. उत्तरेकडच्या डोनेगलचा बाज कडक, सुरागणिक गज बदलणारा. जॉन डोहर्टी आणि टॉमी पीपल्स ऐका. पूर्व क्लेअरची चाल संथ आणि थोडी उदास. मार्टिन हेज यांच्यामुळे ती जगाला कळली.

नवशिक्याने मात्र आधी कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूक्रा भागाकडे वळावं. पोल्का आणि स्लाइड (जिगच्या जवळचा एक नाचाचा प्रकार) यांचं हे माहेरघर. तिथले पॉड्रिग ओकीफ (1887–1963) आधी शाळामास्तर होते. ती नोकरी गेल्यावर घरोघर चालत जाऊन फिडल शिकवत. शिष्यांना स्वरलिपी येत नसे, म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली: चार तारांसाठी चार जागा आणि त्यांत बोटांचे आकडे, मोकळ्या तारेला शून्य. डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही भावंडं त्यांचीच शिष्य. या दोघांचं एकत्र वादन ऐकलं की गज ठेका कसा उचलतो हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

पहिली दोन वर्षं यातली एकच शैली धरा. सगळ्यांचं थोडं-थोडं उचललं तर गजाला बोलीच येत नाही.

रोजचा रियाज

रोज अर्धा तास हा रविवारच्या तीन तासांपेक्षा कितीतरी बरा. सुरुवातीची पाच मिनिटं मोकळ्या तारांवर ठेका, मग चालू धुनेचा एक तुकडा, मग जुन्या धुना न थांबता. शेवटचं हे महत्त्वाचं आहे. चुकलात तरी थांबून दुरुस्त करू नका, ठेका धरून पुढच्या सुरावर चढा. नाचणारे थांबत नाहीत. दुरुस्ती तुकड्यांच्या वेळी करायची. मैफलीत रील मेट्रोनोमच्या शंभराच्या वर सहज जाते, मापाला दोन टोले धरून. तुम्ही साठावर वाजवा. साठावर झोका टिकला तर वेग वाढवता येतो; झोक्याशिवाय वाढवलेला वेग नुसती धडपड वाटतो. आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचं वादन ध्वनिमुद्रित करून ऐका, कारण वाजवताना कान आपल्याला फसवतो.

मैफलीत बसायचं तर

आयरिश संगीताची खरी जागा म्हणजे पबमधलं सेशन. दहा-बारा वादक टेबलाभोवती बसतात, रंगमंच नसतो आणि कार्यक्रमपत्रिकाही नसते. कुणीतरी धून सुरू करतं, बाकीचे मिसळतात, ती बहुधा तीनदा वाजते आणि न थांबता दुसरी सुरू होते. डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना स्मिथफील्डमधलं कॉबलस्टोन जवळचं आहे. तिथे आधी प्रेक्षक म्हणून दोन-तीनदा जा. पारंपरिक संगीताची ‘कोल्टस’ ही 1951 साली स्थापन झालेली संस्था अनेक देशांत शाखांमार्फत वर्ग चालवते. अमेरिका-इंग्लंडमधल्यांनी आपल्या गावची शाखा शोधावी. नवशिक्यांसाठी संथ सेशन वेगळी असतात.

न लिहिलेले नियम थोडेच आहेत. बसण्याआधी विचारा. येत नसलेली धून सूर चाचपडत वाजवू नका, वाद्य मांडीवर ठेवून ऐका. समोर कागद मांडू नका. दोन धुनांच्या मधल्या शांततेत आपली बोटं गरम करत बसू नका. ध्वनिमुद्रण करायचं तर परवानगी घ्या. आणि “तुम्ही काही वाजवता का?” असं कुणी विचारलंच तर नव्याने शिकलेली अवघड रील काढू नका, सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मुरलेली पोल्का काढा, आपल्या वेगात. बाकीचे त्या वेगात येतात.

प्रवास करायची ऐपत आणि रजा असेल तर जुलैमध्ये क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मालबे गावी जा. पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या नावाने 1973 पासून तिथे उन्हाळी शाळा भरते. दिवसा वर्ग आणि मग रात्रभर गावातल्या पबांमधून सेशन. राहायची सोय फार आधी करावी लागते. जाताना ई तारेचे दोन जादा नग बरोबर ठेवा. सगळ्यांत आधी तीच तुटते.